पाव्हणं, तिथंच थांबा

कल्याणच्या फलाटावर गाडी थांबते आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून सगळ्यांना खाली उतरवलं जातं. साल १८९७. तुम्ही नगरकडचे, परळच्या गिरणीत कामाला. खांद्यावर वळकटी, हातात तांब्या, कमरेला बांधलेली उरलीसुरली मजुरी. गेल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ताप प्लेगचा आहे हे ओळखलं, आणि तेव्हापासून मुंबई रिकामी होत चालली आहे. लाखो माणसं गावाकडे निघाली आहेत. तुमच्या चाळीत आधी उंदीर मेले, मग माणसं. शेजारच्या खोलीतून तिरडी उठली त्या रात्री तुम्हीही निघालात. कल्याण, पुणे, दौंड, तिथून मनमाडकडची गाडी धरून नगर, आणि पुढं पायी गाव. घरी पोचायचं, एवढंच डोक्यात आहे.

फलाटावर मात्र रांग लागली आहे. डॉक्टर आधी डोळे बघतो, मग जीभ काढायला लावतो, आणि सरळ काखेत हात घालतो. बोटं दाबत दाबत गाठ शोधतात. मग जांघेत. सगळ्या फलाटादेखत. बायकांच्या रांगेत एक जण पदर गच्च धरून उभी आहे, पुढं सरकायला तयार नाही. तिचा नवरा शिपायाला हात जोडतो आहे. शिपायाला त्याची भाषा कळत नाही.

तुमच्या डब्यातल्या एका म्हाताऱ्याच्या अंगात ताप निघतो. त्याला इस्पितळाकडे नेतात. त्याचा धडधाकट मुलगा मागं धावतो, तर त्याला दुसऱ्या छपराकडे वळवतात. बाप आजारी आहे म्हणून वेगळा. मुलगा आजारी नाही, पण पुढच्या काही दिवसांत पडेल का, ते कळेपर्यंत वेगळा. क्वारंटाइन म्हणजे हे दुसरं छप्पर. ते धडधाकट माणसासाठी असतं, आणि म्हणूनच ते पटायला फार अवघड जातं. ज्याला काही होत नाही त्याला ‘थांब’ म्हणायचं, आणि तेही त्याच्या भल्यासाठी नाही, पुढच्या गावातल्या अनोळखी लोकांसाठी. २०२० सालीही आपल्याकडे या दोन गोष्टींची सर्रास गल्लत झाली. पॉझिटिव्ह आलेला आणि नुसता बाहेरगावाहून आलेला, दोघांकडे गाव एकाच नजरेनं बघायचं.

कोणत्या हुकमानं हे चाललंय, असं तुम्ही रांगेतल्या एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारलंत, तर तो सांगेल की ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. अवघी चार कलमं. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा, आणि शेवटचं कलम असं की हे काम करणाऱ्यावर कोणाला दावा लावता येणार नाही. तुम्हाला कोंडलं तर जेवायला कोण घालेल, घरी निरोप कोण देईल, तुमच्या मागं गाईगुरांचं कोण बघेल, यावर त्या कायद्यात एक अक्षर नाही.

ही माणसं थांबवायची कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली ते पाहायचं असेल, तर इथून ५२० वर्षं मागं चला.

आता तुमच्या पायाखाली जहाजाची फळी आहे. एड्रियाटिक समुद्र, १३७७ चा उन्हाळा. समोर तटबंदीचं रागुसा शहर दिसतंय, आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक. तीस वर्षांपूर्वी आलेल्या काळ्या मृत्यूनं, म्हणजे प्लेगनंच, युरोपची लोकसंख्या खरवडून नेली, आणि तो पुन्हा पुन्हा येतो आहे. रागुसा व्यापारावर जगणारं गाव. बंदर उघडं ठेवलं तर मरण आत येतं, बंद केलं तर शहर उपाशी मरतं. तिथल्या महापरिषदेनं २७ जुलैला यातून तिसरी वाट काढली. साथीच्या मुलखातून येणाऱ्यानं शहरात पाऊल टाकण्याआधी एक महिना म्रकान नावाच्या खडकाळ बेटावर किंवा शेजारच्या त्साव्हतात गावात काढायचा. महिन्यानंतर दारं उघडी.

तुम्हाला म्रकानवर उतरवतात. उन्हानं तापलेला खडक आणि खुरटी झुडपं. पहिल्या दिवशी तुम्ही संतापाल, कारण तुम्हाला काही झालेलं नाही. पण त्या ठरावाचं दुसरं कलम बघा, तिथं मला या लोकांच्या शहाणपणाची खरी ओळख पटली. बेटावरच्या माणसांना भेटायला कोणी जायचं नाही. गेला तर त्यालाही तिथंच महिना काढावा लागेल. आणि शहरानं नेमून दिलेल्या माणसांखेरीज कोणी तिथं अन्न न्यायचं नाही. नेलं तर दंड. म्हणजे माणसं अडवायची ठरवली त्याच बैठकीत त्यांना खायला कोण नेणार याचाही विचार झाला होता.

रोग कशानं होतो, याचा रागुसात कोणालाही पत्ता नव्हता. हवा नासते, ग्रह फिरतात, देव कोपतो, एवढंच ठाऊक. तरी त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी हेरली होती: रोग माणसाबरोबर आणि मालाबरोबर प्रवास करतो, आणि दिसायला वेळ घेतो. प्लेगचा जंतू अंगात शिरल्यावर ताप यायला साधारण एक ते सात दिवस लागतात. महिना म्हणजे त्याच्या चौपट. अज्ञानातून आलेली ही मुदत चुकली ती सावधपणाच्या बाजूनं.

थोडं पुढं, व्हेनिसला चला. १४२३ साली शहरानं एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचं इस्पितळ उभारलं, आणि १४६८ साली दुसऱ्या एका बेटावर नुसत्या संशयितांसाठी वेगळी जागा. कल्याणला पाहिलेली दोन छपरं इथं दोन बेटं होऊन उभी आहेत. तुम्हाला दुसऱ्या बेटावर, लाझारेत्तो नुओव्होवर, भिंतीलगतच्या ओळीतली एक खोली मिळते. मधल्या भल्यामोठ्या वखारीत जहाजांचा माल उघडून ठेवला आहे. हमाल लोकर, कापड, चामडं रोज खालीवर करतात, रोझमेरी आणि ज्युनिपर जाळून धुरी देतात. कडूनिंबाचा पाला आणि धूप जाळणाऱ्या घरातून आलेल्या तुम्हाला या धुराचं नवल वाटत नाही. वखारीच्या भिंतीवर अडकून पडलेल्यांनी लाल रंगात नावं लिहिली आहेत, जहाजं कुठून आली ते लिहिलं आहे. ती अक्षरं आजही तिथं वाचता येतात.

इथली मुदत पुढं चाळीस दिवसांची झाली, आणि ‘चाळीस’ या इटालियन शब्दावरूनच या रिवाजाला नाव पडलं. चाळीसच का, याची कारणं त्यांच्या धर्मात आणि जुन्या वैद्यकात सापडतात. तुम्ही मात्र मनातल्या मनात घरचा हिशेब करत असता. बाळंतिणीचा सव्वा महिना. सुतकाचे दहा दिवस, तेराव्याला मोकळं. ठरावीक दिवस बाजूला बसायचं आणि मग सगळ्यांत मिसळायचं, हे तुम्हाला नवं नाही. ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ अशी फुशारकी मारायला मात्र मी तयार नाही, कारण आमच्याकडे दुसरंही एक दूर ठेवणं होतं. त्याला दिवस मोजलेले नव्हते. ते जन्मापासून मरणापर्यंत चालायचं आणि कुठलाही रोग नसताना चालायचं. व्हेनिसच्या बेटावरच्या माणसाला आपली सुटका कोणत्या दिवशी, हे ठाऊक होतं. महारवाड्यातल्या माणसाला तसा दिवस कोणी सांगितलेला नव्हता.

बेटावरून निघण्याआधी आणखी एक. याच व्हेनिस शहरात १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेक देशांचे प्रतिनिधी जमणार आहेत आणि त्यांच्यापुढं विषय एकच असणार आहे, मुंबईकडचा प्लेग. हिंदुस्थानचा माल आणि हिंदुस्थानची जहाजं अडवायची का, यावर खल होणार आहे. इंग्रज सरकारला व्यापाराची धास्ती आहे. त्या धास्तीचं वजन कल्याणच्या फलाटावर तुमच्या काखेत येऊन पडलं.

परत मार्च १८९७. पुण्याला उतरा, पण शहरात जाऊ नका. मुंढव्याच्या महारवाड्याकडून एक साठी ओलांडलेली बाई चालत येते आहे. पाठीवर दहा-अकरा वर्षांचा पोर, तापानं फणफणलेला, काखेत गाठ. पोर पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा. बाई सावित्रीबाई फुले. नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या शाळेत त्या तरुणपणी अध्यापनाचे धडे घ्यायला गेल्या होत्या, म्हणून नगरच्या माणसाला त्यांच्याबद्दल घरचा हक्क वाटतो. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यानं प्लेगचा दवाखाना उघडला आहे. गावठाणापासून दूर, मोकळ्या रानात. जागा निवडतानाच अंतर राखलं आहे, आणि ते अंतर तुडवून रोग्याला आणायला त्या स्वतः जातात. पोर वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. यशवंतही पुढं १९०५ साली याच रोगानं गेले.

त्याच आठवड्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीचे सोल्जर पुण्याच्या पेठांत शिरू लागले. आता तुम्ही एका वाड्याच्या ओसरीवर आहात. बुटांसकट माजघरात, बुटांसकट देवघरात. धान्याच्या कणग्या उलट्या होतात, अंथरुणं अंगणात पेटवली जातात, बायकांना दारात उभं करून तपासतात. घरातलं एक माणूस आजारी सापडलं की बाकीच्यांना सेग्रिगेशन छावणीत नेतात. लोकांनी काय केलं? लपवलं. आजाऱ्याला माळ्यावर, अडगळीत, शेजारच्या गावात लपवलं, प्रेतं रात्रीतून हलवली. रोग लपला की रोग पसरतो, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. मला त्यात सलतं ते हे की रँडच्या समितीचं मूळ सूत्र चूक नव्हतं. आजाऱ्याला आणि संशयिताला वेगळं करणं त्या वेळच्या ज्ञानाला धरूनच होतं. पण उंबरठा ओलांडून आत येणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक असेल, तर आतला माणूस दार लावून घेणारच.

एका वर्षानं, १८९८ मध्ये, कराचीला पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं. तोपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, आपली खेडी आपल्या पद्धतीनं वागत होती.

ते बघायला आता नगर तालुक्यातल्या एका गावी या. विसाव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं. मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला आहे, गुरांच्या फासळ्या अजून मोजता येतात, आणि त्यावर प्लेग. गावातली घरं माळवदाची. मातीचं जाड छप्पर, त्याखाली लाकडी कड्या, घराघरात कणग्या, जमिनीत धान्याची पेवं. उंदरांना याहून चांगली वस्ती मिळणार नाही. तुम्ही शिवेवरून गावात शिरता तर गाव सुनं आहे. दाराला कुलपं, दारापुढं बाभळीच्या काट्या ओढलेल्या. पारावर कोणी नाही. चावडीजवळ एक रामोशी हातात काठी घेऊन फिरतो आहे. तो हात लांब करून माळाकडे दाखवतो.

माळावर गाव भेटतं. कडब्याच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या ओळीनं उभ्या. दोन झोपड्यांत बैल बांधण्याइतकी जागा सोडलेली. चुली बाहेर, कोंबड्या मोकळ्या, खोपटावर दोडक्याचा वेल सुद्धा चढवलाय कोणीतरी. तुम्ही पुढं जायला लागता तोच एक म्हातारा ओरडतो, “पाव्हणं, तिथंच थांबा!”

“कुठनं आलात?”

“मुंबईहून.”

“मंग त्या लिंबाखाली टेका. धा दिस तिथंच. पानी, भाकर आम्ही आणून देऊ. बोलायचं असंल तं इथनं बोलू.”

तुम्ही लिंबाखाली वळकटी टाकता. थोड्या वेळानं एक पोरगी येते, ठरलेल्या दगडावर भाकरीची चवड ठेवते, वर मिरचीचा ठेचा, शेजारी पाण्याची घागर. ती पंधरा पावलं मागं सरकली की तुम्ही उठायचं. दुसऱ्या दिवशी म्हातारा लांबूनच बसून तुमच्याशी गप्पा मारतो. गाव कसं सोडलं ते सांगतो. पहिला उंदीर त्याच्या सुनेनं पाहिला, कणगीमागं, तोंडातून रक्त आलेला. त्याच सांजेला पारावर ठरलं. कोणा साहेबाची वाट पाहिली नाही. “उंदीर पडाया लागलं की घर सोडायचं, हे आता शेंबडं पोर बी सांगंल.” मरीआईला नारळ फोडला, गाडा शिवेबाहेर नेला, आणि गाड्यांत जातं-पाटे भरून माळावर आले. त्याला पिसू ठाऊक नाही, जंतू ठाऊक नाही. त्याला उंदीर ठाऊक आहे, आणि तेवढं पुरतं. उंदीर मेला की पिसवा नवं अंग शोधतात, आणि तोवर माणसं घरातून गेलेली असतात.

पुण्यातल्या वाड्यात तुम्ही पाहिलेलं वेगळेपण आणि हे वेगळेपण, दोन्ही एकाच रोगापायी. इथं मात्र घर मोडलं नाही, घर जागेवरून उठून माळावर आलं. सून सासूजवळ, बैल दावणीला, पोरं कडब्यात खेळतायत. सरकारलाही हळूहळू हे उमगलं. पहिल्या एक-दोन वर्षांच्या दंग्याधोप्यांनंतर घरझडत्यांचा जोर कमी झाला. लोकांना मोकळ्यावर राहायला उत्तेजन द्यायचं आणि हाफकिन यांची लस राजीखुशीनं टोचायची, यावर भर आला.

पण माळाच्या कडेला, ओढ्यापलीकडे, आणखी पाच-सात खोपटी आहेत. म्हारवाडा. गाव सोडतानाही मधलं अंतर लोकांनी सोबत आणलं आहे. दहा दिवसांनी म्हातारा तुम्हाला लिंबाखालून उठवून स्वतःच्या खोपटात जेवायला बसवेल. ओढ्यापलीकडच्या माणसाला पावसाळ्यात गाव परत भरल्यावरही बसवणार नाही.

आता मे २०२०. तुम्ही पुन्हा मुंबईहूनच येताय, या वेळी टेम्पोत, तोंडाला रुमाल बांधून. काम बंद, खोलीचं भाडं थकलेलं. १८९७ चाच चार कलमांचा कायदा १३ मार्चला राज्यानं पुन्हा लागू केला आहे. नगर शहरात पहिला रुग्ण मार्चमध्येच सापडला, दुबईहून आलेला. साल्व्हेशन आर्मीच्या बूथ हॉस्पिटलनं तेव्हापासून कोरोनाच्या रुग्णांसाठी दारं उघडली, मोठी इस्पितळं बिचकत असताना. तुमच्या गावाच्या वेशीवर मात्र बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या आहेत आणि पलीकडे तुमचेच वर्गमित्र उभे आहेत. डाव्या हाताच्या पाठीवर शाईचा शिक्का बसतो, खाली तारीख. आणि तुम्हाला झेडपीच्या शाळेत पाठवतात, चौदा दिवस.

चौथीचा वर्ग. भिंतीवर पाढे, फळ्यावर मार्चमधला सुविचार तसाच. बाकं एका कोपऱ्यात रचलेली, फरशीवर सतरंजी. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त चौदा दिवस धरले आहेत, म्हणून चौदा. म्रकानवर जे अंदाजानं ठरलं ते इथं मोजून ठरलं आहे. पहिल्या रात्री तुम्ही झोपत नाही. चुलतभाऊ फाटकाच्या सळईला डबा अडकवून जातो, फोनवर सांगतो, “दादा, आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय.” शेजारच्या वर्गात सुरतेहून आलेलं एक कुटुंब आहे. त्यांचं गावात आता कोणी उरलेलं नाही, त्यांना डबा येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईंच्या, लक्षात येतं. त्या वहीत नावं लिहून घेतात, ग्रामसेवकाला फोन लावतात, आणि संध्याकाळपासून दोन्ही वर्गांना डबे येतात.

या आशाताई रोज येतात. गावातल्याच आहेत, तुमच्या आईच्या भिशीतल्या. ताप बघतात, बोटाला ऑक्सिमीटर लावतात, खोकला आहे का विचारतात. पहिले काही दिवस त्यांच्याकडे नीटसा मास्क नव्हता, साडीचा पदर होता. त्या शाळेतून निघाल्या की वाटेत लोक बाजूला सरकतात. घरी गेल्यावर न्हाणीत अंघोळ केल्याशिवाय त्या स्वतःच्या लेकराला जवळ घेत नाहीत. एका वर्षानं, दुसऱ्या लाटेत, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजार गावानं घरोघरी तपासणी करून आणि आजाऱ्यांना वेळीच वेगळं करून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केलं, गावाचे पुढारी पोपटराव पवार यांचं आणि गावाचं नाव देशभर झालं; पारनेर तालुक्यात भाळवणीला अकराशे खाटांचं कोविड सेंटर उभं राहिलं. या सगळ्या कामाच्या मुळाशी घरोघर जाऊन नोंद करणारी माणसं होती. दारात उभं राहून ‘तुमच्याकडं कोणाला ताप आहे का?’ विचारणारी, ज्यांना घरातली बाई खोटं सांगणार नाही अशी. रँडच्या सोल्जरांना जे उत्तर बंदूक दाखवून मिळालं नाही, ते या बायकांना पाणी पिता पिता मिळत होतं.

चौदाव्या दिवशी शिक्का फिकट झालेला असतो. आशाताई शेवटचा ताप बघतात, वहीत तुमच्या नावापुढं खूण करतात. “जा आता घरी. गेल्याबरोबर आईच्या गळ्यात नका पडू, आधी हातपाय धुवा.”

त्या वहीसाठी, त्या फेऱ्यांसाठी त्यांना मिळत होतं ते मानधन, पगार नव्हे. १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं सरकारनं महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कामावर, पुन्हा दारोदार.